टेस्टरची सही

निंबखिंडी, ता. पाटोदा
१२ जानेवारी १९७३

चि. उत्तरेश्वर,

तुला आणि वत्सलाबाईला माझे आशीर्वाद. इकडे पाऊस नसला तरी माणसे धरून आहेत. मळ्यातली विहीर मार्गशीर्षातच आटली. पाणी दोन कोसांवरून गाडीने आणतो. निम्मे गाव ऊसतोडीला गेले आणि राहिलेले पाझर तलावाच्या कामावर आहे. तुझी वहिनी विमल खडी फोडायला जाते. मी माती टाकायला जात होतो, आता मला वेगळे काम लागले आहे. त्याबद्दलच हे पत्र आहे.

तू शाळेत इंग्रजी शिकवतोस. मला एका इंग्रजी शब्दाचा अर्थ हवा आहे. आपण मावसभाऊ असलो तरी तू शिकत गेलास आणि मी चौथीवर थांबलो, तीही निजामाच्या राज्यातली, अर्धी पाटी उर्दूची. म्हणून विचारायला लाज वाटत नाही.

कामावरच्या दोनशे लोकांना दुपारी सुकडी मिळते. भाजलेले पीठ, गूळ आणि तेल, एवढाच जिन्नस. ती तयार करून वाटायचे काम आपल्या सोसायटीने घेतले आहे. तलावाच्या भिंतीजवळ लिंबाखाली मोठी चूल मांडली आहे. रुक्मिणीबाई भाजते. खालच्या आळीतला आसाराम विहीर खणताना गेला, त्याची ही बायको. घरात सासू छबुबाई आणि दोन मुली. खडीच्या कामावर तिचा हात टिकला नसता, पण कढईवर टिकला. त्या घराची चूल या चुलीवर पेटते म्हणायला हरकत नाही.

वरून आलेल्या कागदात लिहिले आहे की, सुकडी वाटण्याआधी ‘टेस्टर’ने रोज चव घ्यावी, रजिस्टरात शेरा लिहावा आणि सही करावी. चेअरमन राधाकिशन आण्णांनी मला बोलावून घेतले. म्हणाले, “बुवा, तुमच्या गळ्यात माळ हाय, तोंडात बिडी न्हाई. तुमच्या सहीला कोण न्हाई म्हनंल? तुमीच टेस्टर.” मी अर्थ विचारला, तर म्हणाले, चव घेणारा, आणखी काय असायचा. काम बघायला आलेला तालुक्याचा साहेब जीपमध्ये बसलेला होता. त्याला विचारले, तर तो म्हणाला, टेस्टर म्हणजे टेस्टर.

गावात चेष्टा चालू झाली आहे. हरिबा न्हाव्याने पारावर सगळ्यांदेखत विचारले, “वायरमनच्या खिशात असतो त्यो टेस्टर मला ठावं हाय. त्येचा दिवा लागतो. बुवांचा कुठं लागतो?” लोक हसले, मीही हसलो. पण रोज सही करायची, तर आपण कशाखाली सही करतो ते माणसाला कळले पाहिजे.

दुसरी एक अडचण आहे, ती तुला सांगतो. माळ घातली त्याला सव्वीस वर्षे झाली. देवाला दाखवल्याशिवाय मी तोंडात घास घातलेला नाही. आपल्या घरातल्या बायाही चुलीवरचे चाखत नाहीत, नैवेद्य आधी. आणि इथे माझे कामच चाखायचे आहे. सध्या मनातल्या मनात देवाला दाखवून खातो, पण समाधान होत नाही. तेव्हा त्या शब्दात नेमके काय काय येते ते सविस्तर लिही.

तुझा
गहिनीनाथदादा

---

औरंगाबाद
२१ जानेवारी १९७३

ती. दादांस,

उत्तरेश्वरचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे नळाचे पाणी पितो आणि तुम्ही दोन कोसांवरून आणता, हे वाचून त्या दिवशी जेवण गेले नाही.

तुमचा शब्द. हरिबाला सांगा, वायरमनचा टेस्टर वेगळा, त्याचा तुमच्याशी संबंध नाही. तुमचा शब्द ‘टेस्ट’ म्हणजे चव, चव घेणे, यावरून आला आहे. तो करणारा तो टेस्टर. खाणे यासाठी त्यांच्याकडे ‘ईट’ हा निराळा शब्द आहे. दोन्हींतला फरक मी नववीच्या मुलांना असा सांगतो : तापातला माणूस खातो, पण त्याला चव लागत नाही. तिथे ‘ईट’ चालेल, ‘टेस्ट’ चालणार नाही. पोटासाठी जे करतो ते खाणे. कळण्यासाठी जे करतो ते टेस्ट. इंग्रज हा शब्द अन्नाबाहेरही वापरतो. त्याचा माणूस विजय चाखतो, मरणही चाखतो. मोठ्या कोशात असेही दिले आहे की, फार जुन्या काळी याच शब्दाचा अर्थ हाताने चाचपून पाहणे असा होता.

आता टेस्टर कोणकोण? एक चहाचा. कलकत्त्याला चहाच्या व्यापाऱ्यांकडे पगारी टेस्टर असतात. शंभर पेले मांडलेले असतात. ते एकेक घोट घेतात, तोंडात फिरवतात आणि थुंकून टाकतात. गिळत नाहीत. दुसरा राजाचा. राजाच्या ताटातला पहिला घास त्याने खायचा. तो धडधाकट राहिला तर राजा जेवणार. तुम्ही उर्दू शिकलात, तेव्हा बादशहाचा चाशनीगीर तुम्ही ऐकला असेल. तोच हा.

मला वाटते, तुमचे काम या दुसऱ्याच्या जवळचे आहे. थुंकणारा टेस्टर दुष्काळात कोण ठेवील? दोनशे माणसांच्या आधीचा पहिला घास तुमचा. मान मोठा आहे, दादा. नैवेद्याची अडचण मात्र कोशात सुटत नाही, ती तुम्हीच सोडवा.

तुमचा
उत्तरेश्वर

---

निंबखिंडी
१८ फेब्रुवारी १९७३

चि. उत्तरेश्वर,

तुझे पत्र तीनदा वाचले. एकदा विमलला वाचून दाखवले. राजाच्या आधी खाणारा, हे वाचून माझ्या डोक्यातला गुंता सुटला. कसा, ते लिहितो.

मी विचार केला, या कामावर राजा कोण? आण्णा नाहीत, साहेबही नाही. राजा एकच आहे आणि त्याच्या आधी मी खाऊ शकत नाही. पण त्याच्या मागोमाग आणि लोकांच्या आधी खाऊ शकतो. तर आता असे करतो : पहिली कढई उतरली की रुक्मिणीबाई पळसाच्या पानावर मूठभर सुकडी घालते. लिंबाच्या बुंध्याशी नाथांची तसबीर ठेवली आहे. तिथे पाणी फिरवून नैवेद्य दाखवतो. डोळे मिटून नाव घेतो. मग पानावरची सुकडी खातो, रजिस्टरात ‘चव उत्तम’ असे लिहितो, सही करतो. मग वाटप.

याचा लोकांवर फार चांगला परिणाम झाला. आधी बाया नाके मुरडत होत्या. पीठ तांबड्या ज्वारीचे, परदेशातून आलेली मिलो म्हणतात ती. हे गुरांनीसुद्धा खाऊ नये असे म्हणत. आता पदर पसरून हात जोडून घेतात. खालच्या आळीचा बंकट मला म्हणाला, “बुवा, तुमच्यामुळं ह्या भुश्श्याचा परसाद झाला.” कुणी कुरकुर करत नाही. परसादाला नाव कोण ठेवणार?

रुक्मिणीबाईला एक सवय होती, ती मोडावी लागली. भाजता भाजता चिमूट तोंडात टाकायची. मी तिला म्हणालो, बाई, आता हा नैवेद्य आहे, उष्टा होतो. तिने लगेच ऐकले. कष्टाळू आहे, हात चांगला आहे, पण श्रद्धा थोडी कमी वाटते. गेल्या गुरुवारी तेलाचे नवे डबे आले. आण्णांनी बाहेरच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेले, बारा डबे. काल मी पान हातात घेऊन निघालो तर ती म्हणाली, “भाऊ, वास येगळा येतोय. तुमाला लागत न्हाई का?” मी म्हणालो, बाई, नैवेद्य झाला आता. ती कढईकडे वळली.

तुझ्या एका पत्राने एवढे काम झाले, म्हणून कळवतो. वत्सलाबाईला आशीर्वाद.

गहिनीनाथदादा

---

औरंगाबाद
२७ फेब्रुवारी १९७३

ती. दादा,

घाईत चार ओळी. चाचणीचे पेपर तपासतो आहे.

तुमचे पत्र मी शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवले. सगळ्यांना आवडले. फक्त आमचे शास्त्राचे मास्तर म्हणाले, तुमच्या भावाने ‘चव वाईट’ असे आजवर किती वेळा लिहिले, ते विचारा. मी म्हणालो, वाईट झालीच नसेल. तरी विचारतो. किती वेळा लिहिलेत?

उत्तरेश्वर

---

निंबखिंडी
१७ मार्च १९७३

चि. उत्तरेश्वर,

तुझ्या प्रश्नाचे उत्तर एकदाही नाही, असे आहे. पुढचे वाच.

या महिन्याच्या नऊ तारखेला सुकडी वाटून झाली. दोन वाजता उन्हातच लोकांना मळमळू लागले. तिन्हीसांजेपर्यंत चाळीसच्या वर माणसे उलट्यांनी आडवी झाली. पोरे होती, एक ओली बाळंतीण होती. छबुबाई, म्हणजे रुक्मिणीबाईची सासू, तिला बैलगाडीतून पाटोद्याला दवाखान्यात न्यावे लागले. सुईने पाणी चढवले. पाच दिवसांनी घरी आली. कुणी दगावले नाही, ही नाथांची कृपा.

चौकशीला तालुक्याचा साहेब आला. त्याने रजिस्टर मागितले. तीन जानेवारीपासून, बाजारचे दिवस सोडून, सत्तावन्न दिवस. प्रत्येक दिवसापुढे ‘चव उत्तम’ आणि माझी सही. साहेबाने मला विचारले, तुम्ही रोज स्वतः खाल्ले का? मी हो म्हणालो. त्या दिवशीही खाल्ले का? खाल्ले. तुम्हाला काही झाले का? मला झाले नव्हते, थोडी जळजळ सोडली तर. मी खोटे एक अक्षर बोललो नाही.

मग सरळच झाले. टेस्टरने चव घेतली तेव्हा सुकडी चांगली होती, म्हणजे जे बिघडले ते नंतर, बाईच्या हातात बिघडले. आण्णा म्हणाले, कढईची कल्हई गेली असेल, बाईने घासली नसेल. त्यावर कुणी म्हणाले, सोसायटीचे तेल घरी नेऊन दुसरेच ओतले असेल. कोण म्हणाले ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी तिला चुलीवरून काढले आणि वरून हुकूम येईपर्यंत चूलही बंद ठेवली. खडीच्याही कामावर घेतले नाही, बाया तिच्या शेजारी बसेनात. जिची सासू सगळ्यांत जास्त आजारी पडली, तिनेच विष घातले म्हणतात. साहेबापुढे ती एवढेच म्हणाली, “मी इचारलं व्हतं.” साहेबाने ‘कुणाला?’ असे विचारले नाही, आणि तिनेही सांगितले नाही.

विमल आठ दिवस माझ्याशी कामापुरते बोलते. परवा भाकरी वाढताना म्हणाली, “तुमाला भाकर कडंला करपली तर कळती. तेल कावून कळलं न्हाई?” मी म्हणालो, जिभेला कळले नाही, त्याला काय करणार.

आता तुला एकच विचारतो. तू लिहिलेल्या अर्थाप्रमाणे मी टेस्टरचे काम केले की नाही? लोकांच्या आधी खाल्ले, रोज खाल्ले, भिऊन टाळले नाही. इंग्रजीत यात काही कमी पडते का, ते स्पष्ट लिही. मोठा भाऊ म्हणून आडपडदा ठेवू नकोस.

गहिनीनाथदादा

---

औरंगाबाद
२५ मार्च १९७३

ती. दादा,

आडपडदा ठेवू नको म्हणालात, म्हणून ठेवत नाही.

पहिली चूक माझी. मी तुम्हाला शब्द अर्धा सांगितला. राजाच्या टेस्टरचा मान लिहिला आणि त्याचे काम लिहायचे राहिले. तुमचे पत्र आल्यावर मी कोश पुन्हा काढला, शास्त्राच्या मास्तरांशी बोललो, एक रात्र त्यावर गेली. आता जे कळले ते असे : चहाचा टेस्टर असो की राजाचा, दोघांनाही ठेवलेले असते ते ‘हे नको’ म्हणण्यासाठी. शंभर पेल्यांतला एकही पेला जो परत पाठवत नाही, त्याला व्यापारी दुसऱ्या दिवशी ठेवणार नाही. राजाच्या शेजारी बसून जो रोज ‘उत्तम’ म्हणतो तो टेस्टर नाही, पाहुणा आहे. शब्दाचा जीव त्या ‘नाही’ म्हणण्यात आहे. तोंडात घालणे ही फक्त रीत.

आता मराठीत बघा. आपण ‘प्रसाद घ्या’ म्हणतो. ‘प्रसाद चाखा’ असे कोणी म्हटलेले तुम्ही ऐकलेत का? मी नाही ऐकले. चाखायचे ते आधी, जेव्हा परत करता येते. प्रसाद परत करता येत नाही, म्हणून तो घ्यायचा असतो. दादा, तुम्ही सत्तावन्न दिवस प्रसाद घेतलात आणि सही टेस्टरच्या रकान्यात केलीत. इंग्रजीचे मला विचाराल तर ते काम झाले नाही.

मावशीच्या हातची महालक्ष्म्यांची आमटी आठवते का? तिच्यात मीठच नव्हते. सोळा माणसे जेवून उठली, एकानेही सांगितले नाही. मावशी शेवटी जेवायला बसली तेव्हा तिला कळले. अळणी आमटीने कुणाचे काही जात नाही, म्हणून आपण ते अजून हसत सांगतो. शबरीच्या बोरांची गोष्ट मुद्दाम काढत नाही. ती तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ आहे.

हे बोललात तर तुमचे नाव जाईल. तेल आण्णांनी आणलेले आहे, ते आवडून घेणार नाहीत. नाही बोललात तर त्या बाईचे गेलेले आहेच. मी मास्तर आहे, मला अर्थ सांगता येतो. पुढचे सांगायचा अधिकार मला नाही.

एकच विचारतो, आणि याचे उत्तर मला लिहू नका. जिभेला खरेच कळले नव्हते का?

उत्तरेश्वर

---

निंबखिंडी
१४ एप्रिल १९७३

चि. उत्तरेश्वर,

उत्तर लिहू नका म्हणालास तरी लिहितो. कळले होते.

नवे डबे आले त्याच दिवशी कळले. सुकडी टाळूला चिकटली आणि घशात कडवट राहिली. पुढे ऊन वाढले तसे तेलही वाढत गेले. मी डोळे मिटून गिळत होतो. परसादाला नाव ठेवायचे नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेले. आणि खरे सांगायचे तर, कडू लागूनही मी तोंड वाकडे करत नाही, यात मला आपली श्रद्धा दिसत होती. रुक्मिणीबाईने विचारले तेव्हा मला राग आला तो याच कारणाने. मला जे माहीत होते तेच ती बोलली. तिची जीभ मी बंद केली आणि माझी आधीच बंद होती. मग दोनशे माणसांसाठी चाखले कुणी?

तुझे पत्र आले त्या दिवशी एकादशी होती. दिवसभर पत्र बंडीच्या खिशात घेऊन फिरलो. दुसऱ्या दिवशी आण्णांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि चांगल्या शब्दांत सांगितले की झाले ते झाले, साहेबाचा कागद वर गेला, तुम्ही देवमाणूस, यात पडू नका. मी सोसायटीची बैठक बोलवा म्हणालो. ते म्हणाले, बघू. मग मी पाटोद्याला पायी गेलो आणि चौकशीच्या साहेबाला अर्ज दिला. पाच तारखेला साहेब आला आणि बैठक झाली. रुक्मिणीबाईला बोलावून बाहेर ओट्यावर बसवले होते.

मी उभा राहिलो. हातात रजिस्टर होते. मी म्हणालो, “साहेब, ह्या सह्या माझ्या हायत. पन मी चाखलं न्हाई.”

साहेब म्हणाला, “तुम्ही तर खाल्लं म्हणून जबाब दिलाय.”

“खाल्लं. चाखलं न्हाई. मी परसाद घेतला.”

साहेबाला ते समजेना. तो पुन्हा पुन्हा विचारी, खाल्ले की नाही खाल्ले. आण्णा म्हणाले, “बुवा, बसा खाली. गावाची आब्रू कावून घालवता?” तेव्हा मागून हरिबा बोलला. तो कधी बैठकीत बोलत नाही. म्हणाला, “साहेब, बुवा काय म्हनत्यात ते आमाला समजलं. आमाला बी कडू लागत व्हतं. परसाद म्हनून आमी बी गप बसलो.” त्यावर चार बाया बोलल्या, मग सगळेच बोलू लागले. कुणाला पंधरा दिवस पोटात मुरडा होता, कुणी पोराच्या हातातून काढून कुत्र्याला घातली होती. एवढे दिवस एकानेही सांगितले नव्हते.

साहेब म्हणाला, तेल शिल्लक आहे का? गोदामात तीन डबे होते, झाळलेले, न फोडलेले. एक फोडला. साहेबाने वाटीत तेल काढले आणि माझ्यापुढे धरले. म्हणाला, तुम्ही टेस्टर ना, सांगा.

दुष्काळात, लोकांच्या देखत, देवाला न दाखवता मी ते तोंडात घेतले. फिरवले. आणि दारात जाऊन थुंकलो. सव्वीस वर्षांत तोंडातले अन्न मी टाकलेले नव्हते. ओट्यावर रुक्मिणीबाई बसली होती, तिच्या पायाशी ते पडले. मी आत येऊन सांगितले, खवट आहे, माणसाने खाण्याचे नाही. साहेबाने आणि दोघातिघांनी वास घेतला. मग आण्णांनीही घेतला. त्यांनाही व्यापाऱ्याने फसवले असेल. मला ते माहीत नाही, म्हणून लिहीत नाही.

बाईवरचा ठपका तिथल्या तिथे काढला. पण तेल परत गेले, नवे यायला आठ दिवस लागले आणि तेवढे दिवस सुकडी आणखी बंद राहिली. तेव्हा लोक मला शिव्या देत होते. बंकट तोंडावर म्हणाला, “कडू का आसंना, पोटात जात व्हतं की बुवा.” त्याला दोन लहान लेकरे आहेत.

रुक्मिणीबाईला परत बोलवायला मी आणि विमल गेलो. छबुबाई बाजेवर बसून होती. तिने या म्हटले नाही. रुक्मिणीबाईने पाणी दिले. मी म्हणालो, माझ्यामुळे तुमचे नाव गेले. ती म्हणाली, “नाव आलं भाऊ, साहेबानं दिलं. पन त्या वहीत अजून तसंच हाय न्हवं?” मी साहेबाला विचारले होते. तो म्हणाला होता, लिहिलेले खोडता येत नाही. हे तिला सांगितले. ती म्हणाली, “खोडू नका. म्होरं लिवा.”

वही मागवून घेतली. पंधरा फेब्रुवारीपासून नऊ मार्चपर्यंत, बाजारचे दिवस वगळून, वीस दिवस. तिच्या ओट्यावर बसून प्रत्येक ‘चव उत्तम’च्या पुढे ‘चाखले नाही’ असे लिहिले आणि सही केली. ती वीस सह्या होईपर्यंत दारात उभी होती. तिला वाचता येत नाही. तिची थोरली मुलगी बोट ठेवून एकेक ओळ वाचून दाखवत होती. झाल्यावर ती आत गेली आणि कढईचा उलथना घेऊन बाहेर आली.

परवा नवे तेल आले. टेस्टर कोण, हा प्रश्न पुन्हा निघाला. मला वाटले होते, मला काढतील. हरिबा म्हणाला, “ह्येंलाच ठिवा. एकदा ठेचाळलेला मानूस खाली बघून चालतो.” आण्णा नाही म्हणाले नाहीत.

काल पहिली कढई उतरली. रुक्मिणीबाईने पान पुढे केले. मी सवयीने तसबिरीकडे वळलो, तशी ती म्हणाली, “आदी चाखा. मंग देवाकडं जावा.” दोनशे माणसे रांगेत बसलेली. मी उभ्यानेच चिमूट तोंडात घातली. तेल चांगले होते, गूळ चांगला होता. पण पीठ करपले होते. इतक्या दिवसांनी चूल तिच्या हाती आली होती, जाळ अंमळ जास्त झाला असेल.

उत्तरेश्वर, सबंध बैठकीपुढे उभे राहताना मला जड गेले नव्हते, एवढे ते सांगताना गेले. महिनाभर जिच्या माथ्यावर खोटा दोष होता, तिला पहिल्याच दिवशी खरा दोष सांगायचा. मी म्हणालो, “बाई, करपलीय.”

तिने माझ्याकडे बघितले. मग स्वतः कढईत हात घातला आणि चिमूट तोंडात टाकली. म्हणाली, “व्हय. करपलीय.” आणि कढई उपडी केली.

रजिस्टरात ‘करपट, वाटली नाही’ असे लिहून सही केली. दुसरी कढई उतरायला दीड वाजला. रांगेतले लोक उन्हात कुरकुरत होते. मीही त्यांच्यात जाऊन बसलो.

तुझा
गहिनीनाथदादा